लग्नपत्रिकेच्या जाडीची फट

गेल्या महिन्यात ताडकळसहून कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं. वाचण्याआधीच कळलं, कुणीतरी गेलं… निवृत्तीमामा. ताडकळस माझ्या आईचं गाव, म्हणून ते मामा. पंपाच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा तारेने भरून देत. शाळा चौथीपर्यंत.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. शेवटच्या वर्षी बारा व्होल्टच्या बॅटरीवरून सहा व्होल्ट देणारं यंत्र करून दाखवायचं होतं. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि तुटक येणारा करंट एक कॉइल सलग करून पुढे देते. ती कॉइल कशी निवडायची, यावरच सगळं अडलं होतं. मी सूत्राने इंडक्टन्स, म्हणजे करंटमधला बदल अडवायची कॉइलची ताकद, काढला, फेराइट या चुंबकीय पदार्थाचे दोन तुकडे जोडून गाभा केला, त्यावर वेढे घातले. मोजला तर आकडा अचूक. तरी वीज खाणारा भार जोडला की ट्रान्झिस्टर जळे. दोन गेले. मुंबईहून मागवलेला तिसरा शेवटचा होता आणि परीक्षा चार दिवसांवर. नापास झालो असतो तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे माझं शिक्षणच बंद.

पेडगावला घरी न जाता मी सरळ ताडकळस गाठलं.

“काय इंजिनेरसायब, तोंड का उतरलंय?” मामांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉइल उलटसुलट करून पाहिली. “तार लय बारीक हाय. आन् हे दोन तुकडे असे गच्च कशाला चिकटवलेस?”

“फट राहिली तर इंडक्टन्स कमी होतो, मामा.”

“हू दे की. वेढे वाढव. करंट चढला की ह्या गाभ्याचं पोट भरायलंय. मंग ती कॉइल ऱ्हात न्हाई, नुसती तार ऱ्हाती. वेल्डिंगच्या चोकला, म्हंजी तिथल्या मोठ्या कॉइलला, मी कायम फट ठेवतो.”

जुन्या लग्नपत्रिका ते डब्यात जपून ठेवत. फटीचं त्यांचं माप म्हणजे एक पत्रिका, दोन पत्रिका. त्यांनी एक पट्टी कापून दोन तुकड्यांमध्ये बसवली, जाड तारेचे जास्त वेढे घातले. मी शेवटचा ट्रान्झिस्टर जोडला, मग बॅटरी आणि भार. मामा घड्याळ न बघता बसून राहिले, मग त्यांनी बोटांची मागची बाजू कॉइलला टेकवली. “कोमट हाय, तापली न्हाई. चल, जेवून जा.”

परीक्षकांनी विचारलं, “ही फट ठेवायला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात वाचलं, सर.”

पास झालो. पुस्तकात ते होतंही, न वाचलेल्या प्रकरणात. पण ते मी नंतर पाहिलं. पेढे घेऊन गेलो तेव्हा मामांनी विचारलं, “सायबानं फटीचं इचारलं का रे?” मी नाही म्हणालो. “बरं झालं,” ते हसले, “तुला सांगता आलं नसतं.”

पोस्टकार्ड आलं त्या दिवशी ते यंत्र काढलं आणि पहिल्यांदाच गाभा उघडला. पट्टी मामांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेची होती. पिवळी पडलेली, पण छापलेलं वाचता येत होतं : ‘आपला नम्र, निवृत्ती’. परीक्षकांनी प्रश्न विचारला तेव्हा कॉइल माझ्या हातातच होती…

पट्टी होती तशी बसवून गाभा बांधला. बॅटरी आणि भार जोडला. थोड्या वेळाने बोटांची मागची बाजू टेकवून पाहिली. कोमट होती.