शूटिंगचं कुंकू

माझ्या नटीपणाची सुरुवात हातांनी झाली. हे मी पुष्कळांना सांगितलं, पण कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं, म्हातारी लहानपणापासून आरशापुढं नाचत असणार. आमच्या घरात आरसा एकच, नवऱ्याच्या दाढीचा. तोही खिळ्याला इतका उंच टांगलेला की मला त्यात फक्त माझा भांग दिसायचा.

लोणी भापकरच्या वाटेला शेजाऱ्यांची वस्ती आहे. तिथं मोबाईलवर दाखवायच्या मालिकेचं शूटिंग आलं. पुण्याची नटी चुलीपुढं भाकरी थापायला बसली आणि तिनं तीन भाकरी मोडल्या. दिग्दर्शक म्हणजे एक चष्मेवाली मुलगी. तिनं आम्हा बघ्यांना विचारलं, "तुमच्यात कुणाला येते का हो भाकरी?" हा काय प्रश्न झाला? तिथं जमलेल्या बायकांत भाकरी न येणारी एकच होती आणि नेमकी तिलाच चुलीपुढं बसवलं होतं.

मी जवळ उभी होते म्हणून मला बसवलं. चेहरा नटीचा, हात माझे, असं ठरलं. नटीच्या हातांत हिरवा चुडा आणि माझे हात मोकळे. नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बांगड्यांचा डबा घेतलेली पोर माझ्या कपाळाकडं बघून थबकली. मी म्हटलं, "भर की. पीठ वाळतंय." मग साबण लावून बांगड्या चढवल्या.

चार दिवसांनी धाकटी जाऊ मोबाईल घेऊन आली. आमची घरं एकाच अंगणात.

"अक्का, हे हात तुमचं हायत."

मनगटावरचा तव्याच्या चटक्याचा डाग तिनं ओळखला होता.

"व्हय, माझंच."

"आन् बांगड्या?"

"त्यांच्या. परत दिल्या."

तोंडाला पदर लावून ती निघून गेली. मी जणू चोरी केली होती.

चेहरा मला मिळाला तो मेल्यावर. तिरडीवर झोपायला एक म्हातारी तयार होईना, अपशकुन होतो म्हणून. मी झोपले. नाकावर माशी बसली तरी हलले नाही. दिग्दर्शक म्हणाली, "आजी, तुम्हाला श्वास छान धरता येतो." सगळा जन्म चुलीच्या धुरात गेल्यावर कुठल्या बाईला येणार नाही?

मग कामं येत गेली. सुईण झाले. दारुड्याची आई झाले. भिगवणच्या मासळी बाजारात पिशवीत मासा लपवणारी चोरटी म्हातारी झाले, तेव्हा एका कोळणीनं खरंच माझा हात पिरगाळला. तिला कुणी शूटिंग आहे म्हणून सांगितलंच नव्हतं. आणि सुनेच्या ताटातली भाकरी उचलून घेणारी खाष्ट सासू झाले, ती गाजली. बारामतीच्या स्टँडवर एका बाईनं मला अडवलं. "लाज न्हाय वाटत? पोटुशी हाय ती पोर!" मला सून नाही. मूलच नाही. पण सांगायचं कुणाला? बाईची गाडी लागली, ती शिव्या देतच चढली.

ह्या कशालाच जावेची हरकत नव्हती. मी मेले, चोरी केली, सुनेला उपाशी ठेवलं, हिनं चहा पीत पीत बघितलं. सवाष्ण झाले की मात्र हिचा जीव खालीवर.

मग म्हातारा-म्हातारीची गोष्ट आली. पहिल्यांदाच गोष्ट माझ्यापासून सुरू होऊन माझ्यापाशी संपणार होती. पण त्यात म्हातारा जिवंत. म्हणजे कुंकू, मंगळसूत्र, चुडा, सगळं आलं.

त्याच सुमारास पुतणीचं लग्न ठरलं. जाऊ शेतात जायची, पोर माझ्या मांडीवर वाढली. मला ती मोठी आई म्हणते. तिनं हट्ट धरला होता, मला पहिली हळद मोठी आईच लावणार. विधवेनं हळद लावायची नसते, पण पोरीपुढं जाऊ कशीबशी कबूल झाली होती. नव्या कामाचं कळल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"अक्का, एवढं काम सोडा."

"का म्हणून?"

"तिच्या सासरची माणसं मोबाईल बघत्यात. तुमी कुंकू लावून परक्याशेजारी बसलेल्या दिसला तर मी काय सांगू?"

"शेजारी कुठं? तो कट्ट्यावर, मी चुलीपाशी. त्याला धड ऐकू बी येत न्हाय."

"थट्टा नगं. काम करा, न्हायतर हळद लावा. दोन्ही जमायचं न्हाय."

मी काम घेतलं. दिग्दर्शकाला शब्द दिला होता, असं सांगता येईल, पण उगाच शब्दावर कशाला ढकलू? मला ते काम हवं होतं. पुतणी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी नेमकं इंदापूरला शूटिंग. म्हातारा एकच वाक्य विसरत होता. दिग्दर्शक "आजी, दहाच मिनिटं" असं चार वेळा म्हणाली. सुटल्याबरोबर बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र परत दिलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि एसटी धरली.

मी मागं भांड्यांपाशीच बसणार होते. पण दारातच नवरदेवाकडच्या बायका भेटल्या. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्या सोमेश्वरनगरहून आल्या होत्या. नवरदेवाच्या आत्यानं माझा हात धरला आणि मला थेट नवरीच्या पाटापाशी नेलं.

"या मावशी. तुमी समद्यांत मोठ्या सवाष्ण. पयली हळद तुमी लावायची."

मला कळेना. जाऊ हळदीची वाटी घेऊन उभी होती. ती माझ्या कपाळाकडं बघत होती. मी कपाळ चाचपलं तर शूटिंगचं कुंकू तसंच, वाळून घट्ट बसलेलं. ते कुंकू रंगाचं होतं, घामानंही जाऊ नये म्हणून लावलेलं. नुसत्या फडक्यानं काय जाणार? आत्यानं तेवढंच बघितलं, माझं मोकळं मनगट नाही.

जाऊ बोलली असती तर व्याह्यांपुढं शोभा झाली असती, म्हणून ती गप्प. पुतणीनं डोळे मिटून गाल पुढं केला होता. गपचूप लावून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. सोंग मी रोजच करते. पण ते सोंग आहे हे माहीत असलेल्यांपुढं. न सांगता केलं तर ती लबाडी.

"बाई, मी सवाष्ण न्हाय," मी म्हटलं. "नवरा जाऊन लई वर्सं झाली. हे शूटिंगचं कुंकू हाय, पुसायचं राह्यलं."

आत्यानं माझं तोंड न्याहाळलं.

"अगं बया! भाकरी उचलणारी सासू तुमीच का? अगं ए, या गं समद्या! ती सटवी हितं हाय!"

मोबाईल निघाले. मला खेटून फोटो सुरू झाले. एक बाई म्हणाली, तुमचा राग आला की आमचे हे ताटावरून उठतात.

"आता तर तुमीच लावायची हळद," आत्या म्हणाली.

"मी विधवा म्हनलं, ते ऐकलं का?"

"ऐकलं वो. लावा लवकर, पोरगी ताटकळली."

माझं डोकं फिरलं. पोरीचं हगणंमुतणं काढलं, गोवरात रात्री जागवल्या, त्यानं हळदीचा मान मिळाला नाही. सुनेच्या ताटातली भाकरी उचलली, त्यानं मिळाला. पण गाल पुढं होता. लावली हळद. पुतणी डोळे न उघडताच म्हणाली, "मोठी आई, हात किती खरखरीत गं तुझा."

"मावशी, एकदा परत," फोटोवाला म्हणाला. "माझ्याकडं बघत लावा."

"हळद काय शूटिंग हाय व्हय, परत परत लावायला?"

"लावा की अक्का, एवढं म्हणत्यात तर," जाऊ म्हणाली. तिनं वाटी पुढं केली, पदर सारखा केला आणि आधीच फोटोवाल्याकडं बघून हसायला लागली.

"वाटी खाली धर," मी म्हटलं. "तोंड झाकतंय तुझं."