चेचलेल्या बोटाची नोंद

भोरच्या सडकंची खडी फोडताना हातोडा माज्या बोटावरच बसला. कारकून हजेरीत कायतरी ल्ह्यायला लागला तसं मला वाटलं, आता नाव काटत्यात, तान्ह्याला घिऊन कुठं जाऊ? पर मुकादम म्हनलं, “ल्ह्या, बोट चेचलं, खडी बंद. ही बायांची पोरं सांबाळंल.”

मग आंब्याखाली समद्या झोळ्या, त्यांत माजं बी तान्हं, आन एकच दोरी माज्या धड हातात. वढली की समद्या संगट हलायच्या, हातोड्यांचा आवाज लांब लांब जायचा, मला बी गुंगी यायची. बाया पाजाया आल्या की म्हनायच्या, “अगं, आमचं बी बोट चेच की!” मी हसायचे. पर कारकून बोट बरं झालं का बघाया आला की मी घाबरून बोटावरची चिंधी आनखी घट्ट आवळायचे.