तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं

रेडिंगचं घर सोडलं त्या दुपारी शेजारच्या मॉरीनबाई आमच्या फाटकापाशी कोटाची सगळी बटणं लावून उभ्या होत्या. सामान आधीच गेलं होतं आणि टॅक्सीवाला घड्याळाकडे बघत होता. नऊ वर्षांच्या शेजारात बाई आमच्या दाराच्या आतल्या पायपुसण्यापुढे कधी आल्या नव्हत्या. त्यांनी आमच्या घराची त्यांच्याकडे असलेली किल्ली माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या, हातावर ठेवली. सहा वर्षांच्या ईराच्या टोपीची गाठ सारखी केली. मला फक्त एवढंच म्हणाल्या, “माइंड हाऊ यू गो.” जपून जा. इंग्लंडात एवढं बोलणं म्हणजे गळ्यात पडून रडणंच असतं, हे तोवर मला कळायला लागलं होतं. हीथ्रोपर्यंतचं रडणं मग मी एकटीनं उरकलं.

अकोल्यात राहिलेल्यांना वाटतं, इंग्लंड काय आणि अमेरिका काय, इंग्रजी बोलणारेच लोक, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासारखं आहे. तसं नसतं, हे तुमच्यातल्या माझ्या आधी देश सोडलेल्यांना सांगायला नको. पण मी मुळात संशयी आहे, त्यामुळे मला ते जरा जास्तच जड गेलं. स्वभाव बाबांचा. ते जकात नाक्यावर कारकून होते. आयुष्यभर त्यांनी ट्रकांच्या ताडपत्र्या उचलून खाली काय दडवलंय ते पाहिलं. जेवताना आम्हाला सांगायचे, “जो आपणहून म्हणतो ना, साहेब काही नाही, नुसते कांदे आहेत, त्याचा ट्रक आधी बघायचा.” जकात गेली, नाका गेला, बाबाही गेले. ताडपत्री उचलायची खोड तेवढी माझ्याकडे राहिली.

इंग्लंडनं या खोडीला चांगलं खतपाणी घातलं. तिथे कुणी मनातलं बोलत नाही, आपण ओळखायचं. साहेब माझ्या कामाला “क्वाइट गुड” म्हणाले म्हणून मी आईला आनंदानं फोन केला होता. ते काम बरं नव्हतं, हे मला दोन वर्षांनी समजलं. एक बाई “यू मस्ट कम फॉर टी” म्हणाली, तर मी केक आणून दोन रविवार तयार होऊन बसले. असलं बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे हे कळलं तेव्हा केक शिळा झाला होता. पण एकदा किल्ली सापडली की त्या लोकांचं बरं असतं. गोड बोलले तर निम्मं धरायचं, जपून बोलले तर दुप्पट, की हिशेब बरोबर येतो.

ईरा दोन वर्षांची असताना आईनं अकोल्याहून चिक्कीचा डबा पाठवला. एक तुकडा पोरीच्या तोंडात गेला आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला, ॲम्ब्युलन्स आली. शेंगदाण्याची ॲलर्जी. त्या दिवसापासून आमच्या घरात दाण्याचं कूट नाही. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी करून बघा, म्हणजे माझी अवस्था कळेल. आई अजूनही म्हणते, “एवढ्याशा कुटानं काय होतंय, आपल्याकडं कुणाला झालंय का कधी?” तिचाच डबा होता ना, तिला ते मान्य करवत नाही. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण ती इकडे आली की तिची बॅग मीच उघडते.

तेव्हा डॉक्टरांनी एक पेन दिलं, ॲड्रेनलिनचं. त्रास सुरू झाला की मांडीत टोचायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. पुढे शाळेच्या फॉर्मवर चौकट होती, आई-वडील सापडले नाहीत तर कोणाला कळवायचं. मी मॉरीनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला दोन दिवस द्या.” मला राग आला, साधं हो म्हणायला दोन दिवस? तिसऱ्या दिवशी दार वाजलं. बाईंनी संत्र्यावर पेन टोचायचा सराव केला होता, काय करायचं ते क्रमवार कागदावर लिहिलं होतं, आणि मग त्या हो म्हणाल्या. आयुष्यात आईनंतर मी पहिल्यांदा कुणावर तरी पूर्ण भरवसा टाकला.

आणि मग आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो. खोकी उघडायच्या आत दारात लिंडा हजर. साठीची, एकटी राहणारी, हातात गरम बनाना ब्रेड. दहा मिनिटांत तिनं मला तिचा घटस्फोट, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि ॲरिझोनातली मुलगी फोन करत नाही हे सगळं सांगितलं. माझं लग्न घरच्यांनी ठरवलेलं की कसं, तेही विचारून घेतलं. वैशाली म्हणायला तिला जमेना, म्हणून तिथल्या तिथे माझी “व्ही” केली. मॉरीनबाई नऊ वर्षं माझं पूर्ण नाव घ्यायच्या, चुकीचं का होईना. मी वाट बघत होते, ही आता काय विकणार? विमा असेल, चर्च असेल, नाहीतर घरांची दलाली. मी तर हॅलो म्हणायच्या आधीच ब्रेडमध्ये काय काय आहे ते विचारलं होतं. लिंडा डोळे मिचकावून म्हणाली, थोडं पीनट बटर, तेच तर गुपित आहे. माझ्या दृष्टीनं तिचा निकाल लागला. तो ब्रेड नितीननं ऑफिसात नेला आणि मी ओटा तीनदा पुसला.

सगळ्या अमेरिकेबद्दल मला हेच वाटायचं. दुकानातली पोरगी म्हणायची, आय लव्ह युअर कुर्ता. मी मान खाली घालून कुर्त्याला काही लागलंय का बघायचे. वापरलेली इस्त्री परत घेऊन गेले तर का म्हणून कुणी विचारलं नाही, तेव्हा नवीन इस्त्री घरी आणून मी आठवडाभर तिच्याकडे साशंकपणे पाहत होते. रेडिंगमध्ये आम्ही पायी हिंडायचो, रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण नजर चुकवायचा. इथे फुटपाथ मध्येच संपतो, पायी कुणी नसतं, आणि गाडीतून जाणारा अनोळखी माणूस हात हलवतो. मी मागे वळून बघते, दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. औषधसुद्धा नाव बदलून बसलेलं. आमचं ॲड्रेनलिन इथे एपिनेफ्रिन झालं होतं. दोन्ही एकच आहेत हे फार्मसिस्टनं तीनदा सांगितलं तेव्हा मी ते पेन घेतलं. ईराला हे काही जाचलं नाही. चार महिन्यांत तिचं वॉटर ‘वॉडर’ झालं. मला म्हणते, “मॉम, दे आर जस्ट बीइंग नाइस.”

तिच्या रेडिंगच्या शाळेत शेंगदाणा आत यायचाच नाही. इथे अर्ध्या मुलांच्या डब्यात पीनट बटर, आणि ईराला ॲलर्जीवाल्यांच्या वेगळ्या टेबलावर बसवलेलं. वर अमेरिकेत पाऊल टाकाल तिथे फॉर्म. शाळा, डेंटिस्ट, स्विमिंग, आणि प्रत्येक फॉर्मवर तीच चौकट. शाळेला अशी व्यक्ती हवी होती जी वीस मिनिटांत पोहोचेल. आम्ही नितीनच्या ऑफिसातल्या शिरीषचं नाव टाकलं. शिरीष नेपरव्हिलला राहतो, सिग्नल सगळे हिरवे मिळाले तरी पाऊण तास. शाळेच्या नर्सनं विचारलं तेव्हा मी वीस मिनिटं म्हणून सरळ खोटं बोलले.

नितीन म्हणाला, “लिंडाला विचार ना यार. शेजारी आहे, दिवसभर घरी असते.”

“विचारलं तर ती लगेच हो म्हणेल.”

“मग?”

“म्हणून तर नको.”

खोट्याची शिक्षा मलाच झाली. नितीन कामासाठी विमानानं दूर बेलव्ह्यूच्या ऑफिसला गेला की मी शाळेपासून दहा मिनिटांच्या पलीकडे जात नसे. शिकागोत एक चांगली नोकरी चालून आली, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात यायला लागेल म्हणाले. ट्रेननं तास सव्वा तास. मी नाही म्हणून कळवलं आणि कारण भलतंच दिलं. तीन वर्षं अशी गेली. नितीनला वाटायचं मी फार ताणते. ईराला माझी लाज वाटायला लागली होती, कारण वाढदिवसाला गेली की मी बाहेर गाडीत बसून असायचे.

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अशा फोनवर एकतर आमच्या गाडीची वॉरंटी संपलेली असते नाहीतर मला बक्षीस लागलेलं असतं. बाई म्हणाली, “इज धिस व्ही?” डोळ्यांच्या क्लिनिकमधून बोलतेय, लिंडाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, न्यायला येणारी मैत्रीण आजारी पडली, आणि तातडीच्या संपर्कात माझं नाव आहे. मी म्हटलं, शक्य नाही, मला कुणी विचारलेलं नाही. फोन ठेवला, क्लिनिकचा नंबर स्वतः शोधला, उलटा फोन केला. तीच बाई होती, आणि न चिडता तिनं पुन्हा सगळं सांगितलं. मला व्ही म्हणणारं जगात एकच माणूस आहे, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

लिंडा एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून खुर्चीत बसली होती, एरवीपेक्षा निम्मी दिसत होती. औषधांचा कागद मी नर्सकडून दोनदा वाचून घेतला. गाडीत बसल्यावर विचारलं, न विचारता माझं नाव का दिलंस? माझ्या आवाजाला जरा धारही असेल. मग जे म्हणाली ते मराठीत सांगते.

“मी सगळ्यांना आवडते, व्ही. माझ्या शब्दावर विश्वास न ठेवणारी तू एकटी आहेस. हॅलोच्या आधी तू ब्रेडमध्ये काय आहे ते विचारलंस. मी गुंगीत असताना डॉक्टरांनी काही सांगितलं, तर ते पुन्हा तपासून घेणारं कुणीतरी मला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

नाहीच म्हणाले असते. ज्या खोडीपायी मी या देशात तीन वर्षं कुणालाच जवळ येऊ दिलं नव्हतं, तिच्यासाठीच हिनं मला निवडलं होतं. मला हुंदका आला आणि तो मी खोकल्यात घालवला. मग मी ईराची सगळी गोष्ट सांगितली, चिक्कीपासून शिरीषपर्यंत, आणि तिच्या दारापाशी गाडी थांबवून विचारलं, शाळेच्या फॉर्मवर तुझं नाव टाकू का?

लिंडा म्हणाली, “नाही.”

अमेरिकेत मला तोंडावर नाही म्हणणारं हे पहिलं माणूस.

“सुईची मला भीती वाटते,” ती म्हणाली. “मी आयत्या वेळी गोठून जाईन. आधी मला शिकव. जमलं तर बघू.”

महिनाभर ती आमच्या स्वयंपाकघरात येत होती. सरावाचं बिनसुईचं पेन मिळतं, ते मी तिच्या हातात द्यायचे आणि ईरा खुर्चीवर मांडी पुढे करून बसायची. पहिले दोन आठवडे लिंडानं पेन उलटं धरलं. एकदा रडलीही. मी काही तिला धीर वगैरे दिला नाही, पुन्हा कर म्हटलं. डिसेंबरात ती स्वतःहून म्हणाली, आता टाक नाव.

आई फोनवर विचारते, परत कधी येणार, घर ते शेवटी घरच ना. तुमच्यापैकी अनेकांनीही विचारलंय. अकोल्यात माझं माहेर आहे आणि रेडिंगची आठवण अजून येते. पण घर कुठलं म्हणाल तर, मी पोहोचू शकले नाही तरी माझ्या लेकीपर्यंत वेळेत पोहोचणारं माणूस जिथे आहे, ते. शिकागोची ती नोकरी गेली, दुसरी मिळाली. मंगळवार-बुधवार मी ट्रेननं जाते आणि शाळा सुटल्यावर ईरा लिंडाकडे असते. सुईची भीती लिंडाला अजूनही वाटते. दर रविवारी मी तिची परीक्षा घेते.