लई कामाचा माणूस

लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय नेला आणि मोठेपणी सरकारनं त्याबदल्यात पगार सुरू केला. खरं नाव अपंगांचं अनुदान. पण आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात आणि घेणाऱ्याला सरकारी नोकर म्हणून चिडवतात. दादाच्या घरात, कुणापुढं हात न पसरता मिळणारी माझी अशी ती एकच गोष्ट. उन्हाळ्यात गावी परतलो तर कळलं, नोकरी गेली.

कारण मोठं तर्कशुद्ध होतं. पडताळणीला आलेल्यांना आमच्या दाराला कुलूप दिसलं. शेजाऱ्यांनी खरं तेच सांगितलं, सगळं घर उसाला गेलंय. दसरा झाला की आमचं घरच्या घर कारखान्यावर निघतं. माणसं, बैलं, कोंबड्या आणि मी. दादा-वहिनी फडात ऊस तोडतात. मी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, पोरं सांभाळतो आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचतो. सरकारी कागदावर मात्र उतरलं, 'ऊसतोडीस जातो, सबब काम करण्यास सक्षम.' कोंबड्यांबद्दल काय शेरा मारला, कळलं नाही.

मी अपील केलं. वडवणीला तहसीलदार साहेबांपुढं सुनावणी लागली त्या सकाळी घरात लग्नाची धांदल. वहिनीनं ठेवणीतली साडी काढली, मी दाढी दोनदा केली. साक्षीला आमचा मुकादम येणार होता. टोळी तोच जमवतो. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून आगाऊ उचल देतो. मी त्याचा मजूर कधीच नव्हतो, एवढंच त्यानं सांगायचं होतं. बसमध्ये मला धीर निघेना. उभ्यानंच जावंसं वाटत होतं, आणि उभं राहणं तर मला परवडत नाही.

साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल होता. खुर्चीला टॉवेल कशाला लागतो, हे बरंच वाचूनही मला उमगलेलं नाही. साहेबांनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. मग त्यांनी मुकादमाकडं पाहिलं.

"हा तुमच्या टोळीबरोबर असतो?"

मुकादमानं छाती काढली. कारखान्याच्या माणसांपुढं आपला प्रत्येक गडी वाघ म्हणून सांगायची त्याला जन्माची सवय. समोर टेबल दिसलं की तो सुरू होतो.

"साहेब, लई कामाचा माणूस हाय! असा गडी अख्ख्या टोळीत न्हाई!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी मुकादमाचा शर्ट ओढला, तर तो आणखी फुलला. "एकदम खडा माणूस, साहेब!"

तेवढ्यात वहिनी पुढं झाली. पदर खोचून.

"मंग यंदा आमच्या भाऊजींला कोयत्यात धरा की. द्या उचल. साहेबांसमोरच द्या."

मुकादमाचा हात आपसूक खिशावर गेला.

"वहिनी, काय बोलता? मी काय येडा हाय का? ह्यो एकदा खाली वाकला तर उठवायला दोन गडी लागतेत! मोळी उचलंल का? गाडी भरंल का? ह्याला उचल देणं म्हंजे पैसं गोदावरीत टाकणं!"

"कावून? आत्ता तर खडा होता."

"आवो, पोरं सांभाळाया खडा हाय! ऊस तोडाया न्हाई!"

साहेब हसले. टॉवेलला टेकून, चांगले मोकळे हसले, आणि मला माणूस एकदम आवडला. अनुदान पूर्ववत सुरू करावे, असं लिहून त्यांनी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. इतकं सुरेख मराठी गद्य मी त्या वर्षात वाचलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मुकादम कानकोंडा झाला. मी वाचतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो.

"मास्तर, मनाला लावून घेऊ नको बे. तोंडातून निघून गेलं."

"छे! पुढल्या पडताळणीलाही तुम्हीच या," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं. "फक्त सुरुवात शेवटाकडून करा."

वहिनी केव्हाच हॉटेलच्या बाकावर जाऊन बसली होती. तिथूनच ओरडली, "या, सरकारी नोकर! च्या सांगा. आन् मुकादमाला भजी सांगा, लई बोलल्यात ते."