झाकणाखालचे कुंकू

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस दिसला की लोक हमखास विचारतात, "साहेब, एखादी मर्डरची केस सांगा ना." खून मी पुष्कळ पाहिले. बहुतेक वेळा मारणारा घरातलाच असतो आणि लवकरच सापडतो. मला विचाराल तर माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तपास हवा गाळण्याच्या फिल्टरचा होता. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे. नावे मात्र कोणाचीच सांगणार नाही.

निवृत्ती जवळ आली होती. पुण्यात बिबवेवाडीच्या बाजूचे एक पोलीस ठाणे माझ्याकडे होते. सकाळची हजेरी, गस्तीचा आढावा, मग पार्किंगवरून भांडलेले शेजारी, हरवलेले मोबाइल आणि सोसायटीची पाण्याची मोटर कोणी बंद केली यावर मुद्देसूद तक्रार लिहून आणणारे पेन्शनर. थंडीच्या दिवसांत एका सकाळी या गर्दीत कोकण किनाऱ्यावरच्या एका खासगी वीज प्रकल्पाचे व्यवस्थापक वकिलासह येऊन बसले. तक्रार फसवणुकीची होती.

त्यांचा प्रकल्प गॅसवर चालायचा. मला आधी यातले ओ की ठो कळत नव्हते, म्हणून जे मला समजले तेवढेच सांगतो. गॅस टर्बाइन प्रचंड हवा आत ओढते, तिच्यात गॅस जाळते आणि त्या जोरावर फिरते. हवेबरोबर धूळ किंवा मीठ आत गेले की पाती खराब होतात. म्हणून हवा घेण्याच्या तोंडाशी फिल्टरची अख्खी भिंत उभी करतात. हे फिल्टर आमच्या हद्दीत कार्यालय असलेल्या एका छोट्या कंपनीचे होते आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका वितरकामार्फत दसऱ्यानंतर प्रकल्पावर पोचले होते. बसवल्यावर थोड्याच आठवड्यांत आतला कागद फुगला, मीठ पात्यांवर बसले आणि टर्बाइन बंद करावे लागले.

"कंपनीने चांगला माल दाखवून टाकाऊ पाठवला," व्यवस्थापक म्हणाले. "आणि तो आमच्या गळ्यात मारला त्यांच्या विक्रीप्रमुखाने. त्याला आजच आत घ्या."

गुन्हा दाखल झाला. दुपारपासून वरून फोन सुरू झाले. अटक झाली का, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. अटक ही पोलिसाच्या हातातली सर्वांत सोपी गोष्ट असते, हे फोन करणाऱ्यांनाही माहीत असते. मी त्या विक्रीप्रमुखांना हजर राहण्याची नोटीस काढली. आमच्या ठाण्यात त्यांचे नाव लगेच 'फिल्टरवाले' पडले, मीही तेच वापरतो.

फिल्टरवाले दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. वय पन्नाशीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, बोलण्यावरून पेठेत वाढलेले हे ओळखू येत होते.

"बसा," मी म्हणालो.

"बसतो. ही खुर्ची आरोपीची की पाहुण्याची, तेवढं सांगा."

"अजून ठरलेलं नाही. माल कसा विकता तुम्ही?"

"मी विकत नाही, आधी विचारतो. तुमच्याकडची हवा कशी आहे? वाळवंटात धूळ कोरडी असते, उलटा झोत मारला की झडते. उसाच्या पट्ट्यात पाचट जाळतात, ती काजळी चिकटते. समुद्राकाठी मीठ ओल्या हवेतून येतं, तिथे साधा कागद टिकत नाही. प्रत्येक ठिकाणी फिल्टर वेगळा."

"मग सगळ्यांना सगळ्यात भारी द्यायचा. तुमचाही फायदा."

"अहो, चहाच्या गाळणीने घरी पीठ चाळता का तुम्ही? गरजेपेक्षा बारीक फिल्टर लावला तर टर्बाइनला श्वास घ्यायलाच कष्ट. वीज कमी होते. लागत नसेल तर घेऊ नका, असं मी तोंडावर सांगतो. आमचे मालक चिडतात. पण गिऱ्हाईक टिकतं."

मी मुद्दाम दोनतीनदा चुकीचे बोललो. फिल्टरला जाळी म्हणालो, तर त्यांनी लगेच टोकले, "जाळी नव्हे. जाळी नुसती आधाराला." खोटे बोलणारा माणूस पोलिसाच्या चुका कधी सुधारत नाही. तो आपल्या हो ला हो करतो. हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे.

मग मी प्रकल्पावरून आलेला एक फिल्टर टेबलावर ठेवला. मांडीएवढ्या उंचीचे नळकांडे, आत घड्यांचा कागद, दोन्ही टोकांना पत्र्याची झाकणे, वर कंपनीचे लेबल. फिल्टरवाल्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. त्यांचा आवाज उतरला.

"बाहेरून आमचाच दिसतो."

दुसरा कोणी असता तर पहिल्या झटक्यात "हा आमचा नाही" म्हणाला असता. या माणसाने स्वतःच्या विरुद्ध जाणारे वाक्य स्वतःच उच्चारले, आणि मी मनाशी ठरवले की पुरावा हातात येईपर्यंत याला अटक करायची नाही. कारणे लिहून ठेवली. वरिष्ठांना सांगितले, "जबाबदारी माझी." अटक झाली असती तर प्रकल्पाने कंपनीला काळ्या यादीत टाकले असते. बाकीच्या गिऱ्हाइकांनीही पाठ फिरवली असती. जन्मभर ज्याने शब्दावर धंदा केला त्याचा शब्द कवडीमोल झाला असता. ते स्वतः हे बोलले नाहीत. मला दिसत होते.

माझा संशय आता वितरकावर होता. आमच्या एका हवालदाराचे गाव मांजरी. वितरकाच्या गोडाऊनचा कानोसा घ्यायला मी त्याला सांगितले. ज्या शेडमध्ये ते गोडाऊन होते, तिच्या मालकालाच तो थेट घेऊन आला. ऊस लावणारा, अंगाने दणकट, आणि चांगलाच वैतागलेला माणूस.

"साहेब, जागा माल ठेवाया दिली व्हती. आता आत कायतरी शिजवत्यात. लई उग्र वास हाय. म्हशी त्या अंगाला फिरकंनात."

"काय शिजवतात?"

"मला काय ठावं? पर ठेवल्या मालाला असा वास कसा यील?"

स्थानिक ठाण्याला कळवून, पंच बरोबर घेऊन आम्ही छापा घातला. पण कुठूनतरी सुगावा लागला होता. शेड झाडून-पुसून लख्ख. वास मात्र झाडूने जात नाही, तो होता. शिल्लक होती ती कंपनीचे लेबल असलेली खोकी, आणि वितरक. पांढरे कपडे, कपाळावर गंध, वागणे अतिशय नम्र.

"वास होय? फाटकी खोकी चिकटवतो आम्ही, साहेब. माल कंपनीतून सीलबंद येतो, सीलबंद जातो. मी आपला मधला हमाल."

हे त्याच्या जबाबात जसेच्या तसे आले. म्हणजे एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा राहिला, आणि वरून पुन्हा फोन सुरू झाले.

फिल्टर फाडून पाहा, असे फिल्टरवालेच म्हणाले. ठाण्याच्या अंगणात टेबल टाकले. पंच म्हणून शेजारचे स्टेशनरीवाले आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. प्रकल्पाचे व्यवस्थापकही हजर होते. कागद साधा निघाला, ओलाव्याने लोळागोळा झालेला.

"बघा!" व्यवस्थापक म्हणाले. "हेच मी सांगत होतो."

फिल्टरवाल्यांच्या कपाळावर घाम होता. मग आमच्या हवालदाराने टोकाचे पत्र्याचे झाकण छिन्नीने उचकटले. झाकण बसवताना त्यात ग्लू ओततात, कागद त्यात रुततो आणि ग्लू दगडासारखा घट्ट होतो. त्या घट्ट झालेल्या ग्लूच्या पोटात लाल डाग होता.

"गंज," व्यवस्थापक म्हणाले.

आमच्या उपनिरीक्षक बाई वाकल्या, नखाने डाग खरवडला, बोट उजेडात धरले. "गंज नाही, सर. मी रोज लावते. कुंकू आहे हे." आणि त्या शेजारी ग्लूमध्ये रुतलेले तांदळाचे दाणे दाखवत म्हणाल्या, "या अक्षता."

"हे आमचं नाही!" फिल्टरवाले जवळजवळ ओरडलेच. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"का?" व्यवस्थापकांनी विचारले. "तुमच्याकडे दसऱ्याला पूजा करत नाहीत?"

"करतात. गेटवर. अहो, कुंकू म्हणजे पूड. पूड अडवणं हा आमचा धंदा. ती मी आत नेऊ देईन?"

पुण्याच्या कुठल्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्राला कुंकू लागत नाही? मला खरे वाटेना. कोणालाही न कळवता मी आणि उपनिरीक्षक बाई त्यांच्या कारखान्यात गेलो. कामावरच्या एका बाईंना मी सरळ विचारले.

"पूजा बाहेरच असते, साहेब," त्या म्हणाल्या. "माळा गेटाला, नारळ गेटापाशी. मागे एका नवीन बाईने मशीनला कुंकवाचं बोट लावलं, तर सरांनी सगळी लाइन धुवायला लावली. देव रागावेल म्हटलं, तर म्हणाले, देवाला मी समजावतो, टर्बाइनला कोण समजावणार?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "सरांना आत टाकणार का हो?"

तपास चालू असताना पोलिसाने आश्वासने देऊ नयेत. पण मनातून मला फार बरे वाटले, हे आज सांगायला हरकत नाही.

वितरकाला बोलावले. चौकशी म्हटली की लोकांना पट्टा आणि दिवा आठवतो. मी चहा मागवला.

"धंदा बरा दिसतो तुमचा."

"देवाची कृपा, साहेब."

"दसरा जोरात होत असेल."

"विचारू नका! आमच्याकडे पूजेशिवाय नवीन माल हलत नाही. आई स्वतः येते. पहिल्या नगांना तिच्या हातचं कुंकू, अक्षता."

"कंपनीच्या मालालाही?"

"त्यालाच तर! भाकरी देतो तो माल."

त्याच्या चेहऱ्यावर खरा भक्तिभाव होता. ढोंग मुळीच नव्हते. उपनिरीक्षक बाई शांतपणे लिहीत होत्या.

"पण माल तर सीलबंद येतो म्हणाला होतात."

"खोकी उघडतो, बोट लावतो, पुन्हा चिकटवतो. पूजा करणं गुन्हा आहे का, साहेब?"

"मुळीच नाही." मी फाडलेल्या फिल्टरचे टोक त्याच्यासमोर ठेवले. "पण हे कुंकू झाकणाखाली आहे. ग्लूच्या आत. झाकण जर कंपनीतच बसलं, तर आईंचं बोट इथे पोचलं कसं?"

त्याने कप खाली ठेवला आणि हात जोडले. "आईला यात ओढू नका. तिला वाटतं, आम्ही कंपनीचंच काम करतो."

"नाही ओढत. तुम्ही बोला."

तो बोलला. अस्सल माल तो परस्पर दुसरीकडे विकायचा आणि त्याच लेबलाचा, साध्या कागदाचा माल शेडमध्ये बनवून प्रकल्पाला पाठवायचा. दसऱ्याला आईने कुंकू लावले ते अजून न बसवलेल्या झाकणांना, आणि त्यावरच ग्लू ओतला गेला. यंत्र आणि छापलेली लेबले त्याने कुठे हलवली तेही दाखवले. सगळा मुद्देमाल पंचनाम्याने जप्त झाला. रासायनिक तपासणीत कुंकू कुंकूच निघाले. वितरकाला अटक झाली. फिल्टरवाल्यांचे नाव आरोपपत्रात आले ते साक्षीदार म्हणून. फोन करणाऱ्या वरिष्ठांनी नंतर पत्रकारांना तपासाची माहिती स्वतः दिली आणि 'आमचा संयम' असा शब्द वापरला. मी मागे उभा राहून ऐकला. उपनिरीक्षक बाईंचे नाव मी बक्षिसासाठी पाठवले, ते मात्र मंजूर करून घेतले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. लबाड माणूस सगळीकडे लबाड नसतो. आयुष्यात एखाद्या ठिकाणी तो अगदी खरा असतो, आणि तिथे तो सावध राहत नाही. आपण त्याच्या लबाडीच्याच मागे धावतो आणि तिथे त्याने सगळे झाडून-पुसून ठेवलेले असते. तो वितरक देवाशी खोटे बोलला नाही, म्हणून आम्हाला सापडला. आणि फिल्टरवाले स्वतःचे नुकसान होत असतानाही खोटे बोलले नाहीत, म्हणून सुटले.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी गेलो. व्यवस्थापकांची साक्ष झाली. उलटतपासणी संपल्यावर ते पिंजऱ्यातून उतरेनात. न्यायाधीशांना म्हणाले, "मी सुरुवातीला या गृहस्थांना फसवणारा म्हणालो होतो. ते चुकीचं होतं, तेही नोंदवून घ्यावं." फिल्टरवाले मागच्या बाकावर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघे उभे राहिलो. ते म्हणाले, "साहेब, आपण मला नोटीस देऊन बोलावलंत, त्या दिवशी हिने पिशवी भरून दिली होती. दोन शर्ट, टॉवेल, बीपीच्या गोळ्या. मी ती रिक्षात पायाशी ठेवून आलो आणि ठाण्याबाहेर पानवाल्याकडे ठेवली. संध्याकाळी घरी परत नेली."

"मग आता त्याला काय?"

"हिने ती अजून रिकामी केलेली नाही. कपाटात तशीच आहे. केस संपू दे, म्हणते."

निकाल अजून यायचा होता. पण त्यांनी तिथेच मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. मी शिष्टाचार म्हणून दोन पावले बाजूला झालो, तरी ऐकू आलेच.

"अगं, मी बोलतोय. ती पिशवी काढ आणि शर्ट धुवायला टाक."

खात्याने मला पदके दिली, ती घरी काचेच्या कपाटात आहेत. कोणी पाहायला मागितली तर दाखवतो. पण माझा ऊर खरा भरून आला होता तो त्या व्हरांड्यात, पलीकडून काही उत्तर येण्याऐवजी एका बाईचे रडणे ऐकू आले तेव्हा.