तीन सेकंदांची जागा

मनमोहन तळपदे यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, पण ‘बंद साचा’ या नाटकाला ते कायम ‘माझं नाटक’ म्हणत. फणसवाडीत वाढलेला, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला हा निर्माता. हॉलच्या तारखा त्यांनी मिळवल्या, नटांचे रुसवेफुगवे काढले, दौरे केले. हे कुणी नाकारत नाही. मीही नाही, आणि मी सत्तावीस वर्षं त्यांचा साउंडवाला आहे.

नाटक लिहिलं होतं परळच्या लवू परबने. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, अर्धा जन्म गेलेला माणूस. त्याच्या नाटकात गिरणी शेवटी बंदच राहते. तळपदेसाहेबांनी शेवट बदलून ती उघडली, वर गुलालही उधळला. लवू भर प्रयोगात खुर्चीवरून उठून ओरडला, "हा माझा शेवट नाय!" दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "धनेश, अनाउन्समेंटमधून त्याचं नाव काप."

पडदा, दिवे, सगळं त्या अनाउन्समेंटच्या टेपच्या वेळेवर बसवलेलं. म्हणून मी ब्लेडने नाव कापलं आणि तेवढीच कोरी टेप जोडली. ‘लेखक’ हा शब्द मात्र मुद्दाम ठेवला. आता साहेबांच्याच आवाजात ‘लेखक’ यायचं, मग तीन सेकंद काही नाही, मग ‘निर्माता मनमोहन तळपदे’. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "राहू दे. लेखक म्हणून माझंच नाव आल्यासारखं वाटतं." निर्लज्जपणालाही काही हद्द असते! पण ब्लेड माझ्या हातात होतं, मी कुठल्या तोंडाने बोलणार?

काही वर्षांनी लवू गेला. त्यानंतर महिन्याभरात साहेब विंगेत माझा दंड धरू लागले. "ऐकलंस? कुणीतरी त्याचं नाव घेतलं." माझ्या कानांवर हेडफोन. भास होतोय, म्हणायचो. टेपचा पेनड्राइव्ह झाला, नट बदलले, साहेबांचे केस गेले, तो आवाज काही जाईना. नारळ फोडून झाले, अंगारे लावून झाले. एका प्रयोगाला ते घरीच थांबले, तर पडद्याच्या वेळेला फणसवाडीतही तो आला म्हणे.

शेवटी मला घेऊन ते लवूच्या बायकोकडे, परळच्या चाळीत गेले. "रखमावहिनी, नाव परत घालतो. मी स्वतः रेकॉर्ड करतो."

वहिनींनी चहाचे कप पुढे सरकवले. "तुमच्या तोंडातसून नको, सायबानू. लग्नात उखाण्यात घेतलंय, मगे मी ह्यांचा नाव कधी घेवक नाय. ते गेल्यार मी तुमच्या नाटकाक येवन मागे बसतंय. तुमचो आवाज थांबता, तेव्हा काळोखात नाव घेतंय. दर प्रयोगाक. सगळा नाटक तुमचा म्हणतास ना? तेवढी जागा माझी रवांदे."

साहेबांनी हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला. भूत नव्हतं, माणूस होतं. जिना उतरताना साहेब मध्येच थांबले. "मग त्या दिवशी माझ्या घरी कोण बोललं रे?"



पुढच्या रविवारी मी हेडफोन काढून ठेवले. ‘लेखक’ आलं. मागच्या कोपऱ्यातून थकलेला पण स्पष्ट आवाज आला, "लवू परब." साहेब विंगेत शांत उभे होते. मग स्पीकरमधून त्यांचं स्वतःचं नाव आलं, आणि इतकी वर्षं लवूच्या नावाला दचकायचे, तसे ते त्याला दचकले.