मंडईच्या भिंतीवरचं लुगडं

महापालिकेचा रंगारी मंडईच्या भिंतीवरचं चित्र पांढऱ्या रंगाने पुसत होता. चित्र गंगूमावशीचं, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेलं. खरी गंगूमावशी त्याच्याच खाली कोबी विकत बसलेली.

या रंगाऱ्यांची एक रीत आहे: माणसाचं चित्र पुसताना चेहरा शेवटी पुसायचा. पाटी गेली, लुगडं गेलं, हसरा चेहरा तेवढा उरला. तेव्हा शिडी जिथे उभी करायची, नेमका तिथेच मावशीने कोबीचा ढीग रचला.

"मावशी, सरका. पाहुणे यायचेत, भिंत स्वच्छ हवी," मुकादम म्हणाला.

"मग माझं तोंड काय घाण आहे का रे, मुडद्या?"

सगळी मंडई हसली. चित्राच्या उद्घाटनाला शहराकडे हार असतात, ते पुसायला चुना असतो. उन्हापावसात उडालेला रंग पुन्हा भरायला मात्र कुणीच नसतं. म्हणून मी मानते, की भिंतीवरचं चित्र त्याच्या सावलीत रोज बसणाऱ्यांच्या मालकीचं.

मुकादमालाही हसू आवरेना. "बरं, चेहरा राहू द्या."

"नुसतं मुंडकं? आणि लुगडं कोण नेसवणार?"

रंगाऱ्याने पांढरा डबा बाजूला सारला. "कुठला रंग देऊ, मावशी?"

"हिरवा!" मावशी म्हणाली.

"जांभळा!" मिरचीवाली ओरडली. मग प्रत्येक गाळ्यावरून नवा रंग येऊ लागला. रंगारी डोक्याला हात लावून खाली बसला, आणि मीही गर्दीत घुसून जिवाच्या आकांताने ओरडले, "गुलाबी!"